हरीण, ससा आणि दोन राजधान्या

आमच्या धर्मग्रामातील एक माउली दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्हांस एकच प्रश्न विचारीत असे : "फादर, तिकडं अबू धाबीला नुसती वाळूच असते का जी?" तिचा धाकटा मुलगा तेथे कामास होता. त्याने पाठविलेली छायाचित्रे तिच्याजवळ होती. परंतु त्यांत काचेचे उंच मनोरे, समुद्रकाठचा रुंद रस्ता आणि रंगीत कारंजी यांपलीकडे काही नव्हते. मुलगा कोठे निजतो, कोणाच्या हातचे खातो, आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोण बसते, हे त्या चित्रांत कोठेच दिसत नव्हते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्या नगरीत आठ दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. तेव्हापासून त्या माउलीला नीट उत्तर द्यावे असे मनात होते. प्रस्तुत लेख हे ते उत्तर होय. ते लांबले आहे, कारण अबू धाबी पाहू जाता आम्हांस आमचे चांदाच पुनःपुन्हा आठवत राहिले.

पाण्याची खूण

अरबी भाषेत 'धबी' म्हणजे हरीण. अबू धाबी म्हणजे हरणाचा बाप, हरणांचे ठिकाण. या नावामागे एक आख्यायिका आहे. आतल्या वाळवंटात लिवा नावाचा ओलाव्याचा पट्टा आहे. उंच वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी तेथे खजुराची बने आहेत. बनी यास या टोळीचे लोक तेथे राहत. सुमारे १७६१ साली त्यांच्यातील काही शिकारी एका हरणाचा माग काढीत समुद्राकडे आले. हरीण उथळ खाडी ओलांडून एका बेटावर गेले आणि शिकाऱ्यांना तेथे गोडे पाणी सापडले. त्या पाण्याच्या रक्षणासाठी पोवळ्याचे व समुद्राचे दगड रचून एक टेहळणीचा बुरूज उभा राहिला. पुढे बुरुजाचा किल्ला झाला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस टोळीचा प्रमुख लिवा सोडून तेथेच राहावयास आला. हाच तो कसर अल होस्न. १९६६ पर्यंत राज्यकर्त्यांचा निवास याच वास्तूत होता. डिसेंबर २०१८ पासून ती संग्रहालय म्हणून लोकांस खुली आहे. आज गगनचुंबी इमारतींच्या गर्दीत ती पांढरी गढी एखाद्या वृद्ध आजोबांसारखी शांत बसलेली दिसते.

त्या गढीच्या अंगणात उभे असता आम्हांस झरपटीचे पात्र आठवले. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपुरी राज्य करीत होता. त्याच्या सर्वांगावर गाठी व फोड उठलेले. त्यावरूनच त्याचे नाव पडले असे सांगतात. शिकारीस गेला असता तहानेने व्याकूळ होऊन तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. तेथील एका खड्ड्यातील पाण्याने त्याने तोंड-हातपाय धुतले, पाणी प्यायला आणि त्या रात्री कित्येक वर्षांत प्रथमच त्याला शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिले, तो पाण्याचा स्पर्श झालेल्या भागावरील व्याधी गेलेली. पुढे त्या जागी अचलेश्वराचे स्थान झाले. नंतर एके दिवशी राजाने एक अद्भुत पाहिले : कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता! राणीने सल्ला दिला, की ज्या वाटेने ही धाव झाली त्या वाटेने तट बांधून नगर वसवावे. तेच चांदा. चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला तो परकोट पिढ्यान् पिढ्या बांधला गेला; जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे दरवाजे आजही उभे आहेत.

एकीकडे हरीण, दुसरीकडे ससा. एकीकडे खारट समुद्राने वेढलेले बेट, दुसरीकडे सागवानाचे अरण्य. परंतु दोन्ही कहाण्यांचा कणा एकच आहे : तहान, शिकारी आणि अकस्मात सापडलेले पाणी. आख्यायिकांना इतिहास म्हणता येत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही लोक आपल्या नगराच्या जन्माची गोष्ट सांगताना सोने किंवा सिंहासन न सांगता पाणी सांगतात, यात त्यांचे खरे शहाणपण आहे.

मोती, रुपया आणि नाखवा

तेल सापडण्यापूर्वी अबू धाबी हे मोत्यांचे गाव होते. उन्हाळ्याचे चार महिने पुरुष होड्या घेऊन समुद्रात जात. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून पाणबुडे तळाशी उतरत व श्वास पुरेल तेवढ्या वेळात शिंपले गोळा करीत. होडीच्या प्रमुखाला ते 'नाखुदा' म्हणत. आपल्या कोळीबांधवांचा 'नाखवा' तो हाच. पाणबुडा नाखुद्याचा ऋणको असे आणि नाखुदा व्यापाऱ्याचा. हंगाम वाईट गेला की कर्ज पुढच्या वर्षावर जाई. मोती मात्र येत आमच्या मुंबईच्या बाजारात, तेथे त्यांची प्रतवारी होई आणि मग ते युरोपात जात. त्या काळी आखाती किनाऱ्यावरील इंग्रजी कारभारही १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, आणि चलन होते आपला रुपया. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर अबू धाबीने रुपया सोडला. स्वतःचा दिऱ्हम आला तो १९७३ मध्ये. म्हणजे आज आमची मुले दिऱ्हम कमावण्यास जातात, परंतु त्यांच्या आजोबांच्या तरुणपणी तेथील माणूस रुपयांत हिशेब करीत होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जपानने तयार केलेले संवर्धित मोती बाजारात आले, पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि मोत्यांचा धंदा बसला. अबू धाबीवर दारिद्र्य कोसळले. खजुराच्या झावळ्यांच्या घरांत राहणारी कुटुंबे खजूर, मासळी आणि उंटाचे दूध यांवर दिवस काढीत. आमच्या गडचिरोलीतील गोंड-माडिया बांधवांना मोहाचे झाड जसे, तसे त्यांना खजुराचे. मोहाचे फूल, फळ, तेल, लाकूड सर्वच उपयोगी. खजुराचे फळ, झावळी, खोड, दोर तसेच.

भूमीखालचे धन

१९५८ साली अबू धाबीच्या समुद्रात उम्म शैफ येथे तेल लागले. १९६० साली जमिनीवर. १९६२ मध्ये दास बेटावरून तेलाचे पहिले जहाज निघाले. ६ ऑगस्ट १९६६ रोजी शेख झायेद यांच्या हाती सत्ता आली आणि २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातींची स्थापना झाली. झावळ्यांच्या घरांची वस्ती एका राष्ट्राची राजधानी झाली. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा मक्ता पूल १९६८ साली झाला. त्यापूर्वी लोक ओहोटीच्या वेळी खाडी ओलांडीत असत. एका मनुष्याच्या आयुष्यात एवढा पालट झालेली नगरी जगात विरळाच.

आमच्या भूमीखालीही धन होतेच. चांद्याचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, मे १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि १८५४ मध्ये मुलूख खालसा झाला. त्यानंतर १८७० च्या दशकात वरोऱ्यास कोळशाची खाण सुरू झाली. पुढे बल्लारपूर, घुग्गुस, राजुरा असा खाणींचा पट्टा वाढला. १९४५ मध्ये बल्लारपूरला कागद कारखाना आला. १९८० च्या दशकात चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, ज्याची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तेथील सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज आता बाहेर निघत आहे. आमच्या कोळशाच्या विजेने दूरची शहरे उजळतात. मग आमची मुले वाळवंटात का जातात? हा प्रश्न त्या आठ दिवसांत आमच्या पाठीस लागला होता.

नगरीचे दर्शन

आता त्या माउलीने न पाहिलेली नगरी सांगतो. समुद्रालगत सुमारे आठ किलोमीटर लांबीचा 'कॉर्निश' रस्ता आहे. सायंकाळी तेथे हिरवळीवर कुटुंबे बसतात. ती हिरवळ पाहून हेवा वाटतो खरा, परंतु तिच्या मुळाशी वापरलेले सांडपाणी शुद्ध करून पोहोचविणाऱ्या नळ्या अंथरल्या आहेत. शेख झायेद यांच्या नावाची भव्य मशीद २००७ मध्ये पूर्ण झाली. तिला ८२ घुमट आहेत. पांढऱ्या संगमरवराच्या त्या विस्तारात राजस्थानातील मकराण्याचाही दगड आहे, आणि आतील गालिचा इराणमधील विणकर स्त्रियांच्या हातचा आहे. अन्यधर्मीयांनाही तेथे मोकळेपणाने प्रवेश आहे. सादियात बेटावर २०१७ मध्ये उघडलेले लूव्र संग्रहालय आहे. त्याच्या १८० मीटर व्यासाच्या जाळीदार घुमटातून उन्हाचे कवडसे असे झिरपतात, की खजुराच्या झावळ्यांखाली बसल्याचा भास होतो. याच बेटावर २०२३ पासून मशीद, ख्रिस्तमंदिर आणि यहुदी सभास्थान एकाच आवारात उभी आहेत.

या आवारामागे एक ऐतिहासिक प्रसंग आहे. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर येथेच सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी झायेद क्रीडानगरीत झालेल्या मिस्सेला सुमारे १,८०,००० भाविक जमले होते. अरबी द्वीपकल्पावर पोपमहोदयांनी मिस्सा अर्पण करण्याची ती पहिलीच वेळ.

परंतु त्या भूमीशी ख्रिस्ती श्रद्धेचे नाते याहून फार जुने आहे. १९९२ साली अबू धाबीच्या पश्चिमेकडील सर बनी यास बेटावर उत्खननात एका ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडले. सातव्या-आठव्या शतकातील तो मठ 'पूर्वेच्या ख्रिस्तसभे'चा होता. २०२५ मध्ये तेथे गिलाव्यात कोरलेला आणखी एक क्रूस मिळाला. आमच्या चांदा धर्मप्रांताच्या वाचकांना हे वाचून आपलेपणा वाटेल. १९६२ साली स्थापन झालेला हा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा आहे, आणि त्या परंपरेची उपासना पूर्व-सिरियन कुळातील आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की 'कॅलिआना' येथे पर्शियात अभिषिक्त झालेला महागुरू असतो. पुष्कळ अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण मानतात. तेव्हा त्या बेटावरचे मठवासी आणि कल्याणचे ते प्राचीन ख्रिस्ती एकाच ख्रिस्तसभेचे होते, असे म्हणण्यास जागा आहे.

आजच्या संत जोसेफ कॅथेड्रलचा इतिहासही असाच दानशूरपणाचा आहे. पहिले ख्रिस्तमंदिर १९६५ साली तत्कालीन शासक शेख शखबूत यांनी दिलेल्या जागेवर कॉर्निशलगत झाले. १९८३ पासून ते मुश्रिफ भागात आहे. आवारात पाऊल ठेवताच मल्याळम, टॅगलॉग, अरबी, उर्दू, कोंकणी अशा भाषा कानी पडतात. कित्येक वर्षे तेथील कामगारांचा 'रविवार' शुक्रवारी येत असे, कारण सुट्टी शुक्रवारी. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी झाली. तरी अनेक कामगारांना अद्याप शुक्रवारच्या मिस्सेचाच आधार आहे.

ज्यांचे हात त्यांची नावे

त्या आवारातच त्या माउलीचा मुलगा आम्हांस भेटला. बांधकामावर लोखंड वाकविणे व बांधणे हे त्याचे काम. उन्हाचा त्रास होतो का, असे विचारताच तो हसला : "उनाचं काय जी फादर, चांद्याचं ऊन खाऊनच आलो मी. पन इथलं ऊन वलं आहे. घाम वाळतच नाही." मे महिन्यात ४५-४६ अंश सोसणाऱ्या चंद्रपूरच्या मुलाने दिलेले ते प्रमाणपत्र होते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास तेथे २००५ पासून बंदी आहे, हेही त्यानेच सांगितले. शहराबाहेरील मुसफ्फा भागात तो राहतो. आम्ही त्याची खोली पाहिली. सहा जण, तीन दुमजली खाटा, भिंतीला टांगलेली एक जपमाळ आणि तिच्या शेजारी एका बिहारी सोबत्याने लावलेली छठीमातेची तसबीर. आजारी पडला होता तेव्हा त्याच बिहारी मुलाने त्याला पेज भरविली होती.

हळूहळू त्याने मनातले सांगितले. गावाकडे एका दलालाने त्याला गाडी चालविण्याचे काम म्हणून पाठविले होते. त्यासाठी बापाने दोन एकर धानाचे शेत गहाण टाकले. कागद इंग्रजीत होते. ते कोणी वाचले नाहीत. तेथे उतरल्यावर काम निघाले लोखंडाचे आणि पगार सांगितल्याच्या निम्मा. पहिली दीड वर्षे त्याने जे मिळविले ते व्याजातच गेले. आईला पाठविण्याची छायाचित्रे मात्र तो सुट्टीच्या दिवशी कॉर्निशवर जाऊन काढीत असे. "तिला खोलीचा फोटो कशाला दाखवू?" असे तो म्हणाला, तेव्हा मोत्यांच्या होडीतील कर्जबाजारी पाणबुडा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

त्या देशाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्या देशातील दहांपैकी जवळजवळ नऊ माणसे परदेशी आहेत, आणि त्यांत आपल्या लोकांची संख्या सर्वांत मोठी आहे. लक्षावधी घरांच्या चुली त्या पैशांवर पेटतात. पगार बँकेमार्फतच द्यावा अशी व्यवस्था तेथे २००९ पासून आहे, आणि मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणे कायद्याने मना आहे. बहुतेक वेळा पहिली फसवणूक विमानात बसण्यापूर्वी, आपल्याच गावात झालेली असते. दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टला 'ईसीआर' श्रेणी लागते आणि त्याला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी आणि नोंदणीकृत दलालांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी व्यवस्थेत असते. ही अडवणूक नसून संरक्षण आहे, हे आईबापांनी समजून घ्यावे.

आणि आम्ही तरी परक्या हातांशिवाय कोठे उभे राहिलो? बल्लारपूरला लोक 'मिनी इंडिया' म्हणतात. तेलुगू, छत्तीसगढी, उत्तर भारतीय कामगार खाणीत उतरले, कागदाच्या गिरणीत राबले. केरळमधून धर्मगुरू आणि धर्मभगिनी आल्या. आमच्या धर्मग्रामातील निम्म्या कुटुंबांचे आजोबा कधी काळी येथे परकेच होते. जटपुरा दरवाजावर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आहे. तो कोरणाऱ्याचे नाव मात्र कोठे नाही. राजधान्या पाण्यावर वसतात, भूमीखालच्या धनावर वाढतात आणि परक्या हातांनी उभ्या राहतात. इतिहास लिहिताना धन तेवढे लक्षात राहते. पाणी आणि हात यांचा विसर पडतो.

विसरलेले पाणी

पाण्याच्या बाबतीत मात्र वाळवंटाने आम्हांस लाजविले. शेख झायेद १९४६ पासून अल ऐन भागाचे प्रशासक होते. त्यांनी पहिले मोठे काम हाती घेतले ते जुने 'फलज' दुरुस्त करण्याचे. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे पाणी भूमीखालून बागांपर्यंत आणणारा पाट. त्या भागातील काही फलज सुमारे तीन हजार वर्षांचे आहेत. आज राजधानीचे पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळते. परंतु तेवढ्यावर न विसंबता २०१८ मध्ये लिवाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा प्रचंड साठा करण्यात आला. संकट आलेच तर दहा लक्ष माणसांना तो नव्वद दिवस पुरावा, असा हिशेब आहे. ज्या लिवाहून पूर्वज पाण्याच्या शोधात निघाले, तेथेच वंशजांनी पाणी परत नेऊन ठेवले!

आणि आम्ही? गोंड राजांनी तळी बांधली. रामशहाच्या नावाचा रामाळा तलाव चंद्रपूरच्या मध्यभागी आहे, जवळच जुनोन्याचा तलाव आहे. मालगुजारीच्या काळातील शेकडो 'मामा तलाव' चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानशेतीचा आधार होते. आज त्यांतील कित्येक गाळाने भरले आहेत. झरपट, जिच्या पाण्याने राजा बरा झाला असे आम्ही कौतुकाने सांगतो, ती आता सांडपाणी वाहते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाचे पाणी आटले तेव्हा महाऔष्णिक केंद्राचे संच बंद ठेवण्याची वेळ आली. कोळशाच्या राशी होत्या; पाणी नव्हते. सुदैवाने सर्वच विसरलेले नाहीत. 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून परकोटाची झाडेझुडपे काढून सशाच्या त्या वाटेला पुन्हा रूप दिले आणि २०२१ मध्ये रामाळा तलावासाठी उपोषणही केले. आमच्या मुलांना अबू धाबीचे मनोरे ठाऊक आहेत; या तटावरून त्यांना कोणी फिरवून आणले आहे काय?

परतल्यावर आम्ही त्या माउलीला सर्व सांगितले, खोलीचेही. मुलाची परवानगी घेऊनच सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता प्रार्थना करताना काय मागावं ते समजलं."

आमच्या धर्मग्रामाच्या दप्तरात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या आहेत. गाव सोडून कामास गेलेल्यांची वही नव्हती. ती आम्ही आता सुरू केली आहे : नाव, काम, ठिकाण, दलालाचा नोंदणी क्रमांक आणि करारपत्राची एक प्रत, मराठीत समजावून सांगितल्याच्या सहीसह. पहिली नोंद त्या माउलीच्या मुलाची आहे. तिला लिहिता येत नाही. तिने अंगठा उमटविला आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसली.